मिरजगावात बेकार कोणी नाही

॥ श्री ॥

मिरजगाव, तालुका कर्जत
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८६९

राजमान्य राजश्री पुंजारामआबा यांस,

कानिफनाथ मास्तरचा साष्टांग नमस्कार. (वयानं मी आपल्यापेक्षा मोठा आहे, पण व्याह्यापुढे मुलीच्या बापाचं वय कुणी धरत नाही, म्हणून साष्टांग.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे श्रीरामपुरात आपण, विहीणबाई, गुळाची वखार आणि आपला तो डावा गुडघा अशी सर्व मंडळी सुखरूप असावीत. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तो आपण शेकला नसणार, हे मला इथं ओट्यावर बसून दिसतं. मास्तरानं सांगितलेलं न करण्याची सवय माणसाला बिगारीपासून लागते ती कायमची.

आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू सूर्यभानराव, अजून आमच्याकडेच आहेत. आपण वाट पाहत असाल तर बसून पाहा, उभं राहून गुडघा दुखेल.

यंदा श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना, तेव्हा लेकजावयाला बोलावून वाढायला हवं. ते आम्ही रीतीनं केलं. मुक्ता आणि जावईबापू दुपारच्या मोटारीनं उतरले, पुरणाचे धोंडे खाल्ले, धोतरजोडी घेतली, आणि पानाला चुना लावता लावता सूर्यभानराव मला म्हणाले, "मामा, मिरजगावात बेकार किती असतील?" आता आबा, मी नुकताच पेन्शनीत निघालेला माणूस. मला वाटलं, मोजायला माझ्यापासूनच सुरुवात करतायत. मी पान तसंच हातात धरून म्हटलं, "शेतीचं मी बघतो, रिकामा बसत नाही." तेव्हा त्यांनी खुलासा केला की प्रश्न माझ्याविषयी नव्हता, शास्त्राविषयी होता.

हे शास्त्र काय ते आपणास ठाऊक असेलच (आपण गुळातून त्याचा खर्च केलात). लढाई संपली, नगरच्या छावणीतली कामं आटोपली, पलटणीतली पोरं घरोघर परत आली. साखर कारखान्याचं काम तर हंगामापुरतंच. अशा, उद्याचा भरवसा नसलेल्या घरात बायको नवऱ्याशी, आई मुलाशी, भाऊ भावाशी कसा वागतो, यावर सूर्यभानरावांना प्रबंध लिहायचा आहे. मला विचारलं असतं तर मी एका ओळीत लिहून दिला असता, की भाकरी ताटात वाढायच्या ऐवजी आपटली जाते. पण एका ओळीला युनिव्हर्सिटी डिग्री देत नाही म्हणे.

एवढी थट्टा पुरे, कारण गोष्ट थट्टेची नाही. पुण्याच्या कॉलेजात ते अजून टेंपरवारीच आहेत. प्रबंध मान्य झाला तर जागा कायम. नाही झाला तर पुढच्या वर्षी त्या जागेवर दुसरा कोणी, आणि आमची मुक्ता भांडी बांधून पुन्हा कुठल्या गावी ते देव जाणे. म्हणजे बेकारी सापडली नाही तर बेकारी यायची, असा मामला. तेव्हा मीच त्यांना म्हटलं की मिरजगाव आपलंच आहे, इथंच करा अभ्यास, हवे तेवढे दिवस राहा. जावयाला हे वाक्य कधी म्हणू नये. आमच्या मंडळींनी तर, घरात जावई असताना साधी आमटी-भाकरी केली तर लोक काय म्हणतील, म्हणून रोज काही ना काही गोड करायचा नेम धरला. अधिक महिना संपला, निज श्रावण संपला, गौरी आल्या नि गेल्या. जावईबापूंना ते मानवतं, अभ्यासात जिरतं. माझं धोतर मात्र आता पूर्वीसारखं बसत नाही.

सूर्यभानरावांच्या चिकाटीला मात्र तोड नाही. स्वराज्य आलं त्या दिवशी सारा गाव शाळेपुढे झेंड्याला जमला होता, मोठमोठ्यानं जयजयकार चालला होता, आणि हे माझ्या कानाशी लागून विचारतात, "मामा, या घडीला यातल्या किती जणांना काम असेल?" मी म्हटलं, "आज कुणालाच नाही. सुट्टी आहे." ते त्यांनी लिहून घेतलं की काय, अशी मला अजून शंका आहे.

तर रोज सकाळी न्याहारी करून जावईबापू आणि मुक्ता दोघं निघायची. ते ओसरीवर बाप्यांशी बोलायचे, मुक्ता आत चुलीपाशी बायकांशी. (परका पुरुष बायकांना 'सासूशी पटतं का' विचारू लागला तर आमच्या गावात त्याला उत्तर मिळतं, पण ते लिहून घेण्यासारखं नसतं.) विचारायचं ते असं: घरात माणसं किती, जमीन कुणाच्या नावावर, मुलगा काय करतो, काम कायमचं आहे की हंगामापुरतं, मुलगा तापट आहे की शांत, व्यसन आहे का, सासू-सुनांचं कसं काय, घरात शेवटचा शब्द कुणाचा. आबा, आपण तीन मुलांची लग्नं केलीत. आपणच सांगा, हे प्रश्न माणूस केव्हा विचारतो? आणि त्यातून विचारणारे कोण, तर ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घरचे थोरले जावई आणि थोरली लेक! माझी चांगुणा फायनल पास होऊन घरात आहे, हे कुत्र्यामांजरालाही ठाऊक. पण आम्ही सगळे शहाणे. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

गावाच्या डोक्यात मात्र पहिल्याच दिवशी आलं. मास्तरांचा जावई मेव्हणीला स्थळ बघतोय! झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. छावणीतून काढलेला पोरगा 'सुट्टीवर आलाय' झाला. कारखान्यातून हंगाम संपताच घरी आलेला 'सायबानं बोलावलंय, पर शेतीमुळं जमंना' झाला. लंकाबाईचा थोरला तर घरी नव्हताच. तो 'वावरात गेल्ता' आणि त्याच वेळी मागच्या परसात बाजेवर पडून विडी ओढत होता, हे मुक्तानं माजघराच्या खिडकीतून पाहिलं. तिनं घरी येऊन सांगितलं, तर जावईबापू म्हणाले की श्रमानंतरच्या विश्रांतीची वेगळी नोंद करावी लागेल.

बैलांचं तर सांगूच नये. एके दिवशी सूर्यभानराव जेवताना फार विचारात होते. शेवटी म्हणाले, "मामा, या गावात मोडक्या शिंगाच्या बैलांची काही वेगळी जात आहे का? जिथं जातो तिथं दारात तशीच जोडी." मी सांगितलं, तशी जोडी गावात एकच, लंकाबाईच्या दिराची. तेव्हाच मला उमगायला हवं होतं. स्थळ बघायला पाहुणे आले की शेजारची जोडी आणून दावणीला बांधायची, हे काय मी नव्यानं पाहतो? ती बिचारी जनावरं त्या दिवसांत पाहुण्यांच्या पुढे पुढे गल्लीबोळांतून घरं बदलत होती. त्यांच्याइतकं काम त्या महिन्यात गावात कुणालाच नव्हतं.

नबीलाल टांगेवाल्याच्या घरी मात्र सोयरिकीचा प्रश्न नव्हता. तिथं तरी खरं कळावं की नाही? सूर्यभानरावांनी त्याला विचारलं, तुमच्या धंद्याचं कसं काय. नबीलाल जुना, समजूतदार माणूस. त्यानं मनाशी ताडलं की पाहुणे आपल्या आडून शेजारच्या मुलाची चौकशी करतायत, आणि कुणाचं जमत असलेलं आपण का मोडावं! तो म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या सायेब. ह्यो शेजारचा गोरक्ष बघा, लई गुनाचं पोरगं. दारूच्या थेंबाला शिवत न्हाई." सूर्यभानरावांनी पुन्हा टांग्याचं विचारलं, त्यानं पुन्हा गोरक्षचं सांगितलं. असा दोघांचा संवाद चहा थंड होईस्तोवर चालला. जाताना नबीलालनं त्यांना टांग्यातून घरापर्यंत सोडलंसुद्धा.

आणि मी? मी खुळ्यासारखा खूश होतो. त्या दिवसांत आमच्या घरी भुईमुगाच्या ओल्या शेंगा येत, मक्याची कणसं येत, कुणी खरवस आणून देई. रस्त्यानं जाताना लोक वाहाणा काढून रामराम करीत. मला वाटलं, उशिरा का होईना, गावाला मास्तराची किंमत कळली. मंडळींना मी म्हटलंही, "बघ, विद्यादानाचं फळ." त्या शेंगा निवडत म्हणाल्या, "तुमी छड्याच दिलेल्या आठवतात मला."

असं करता करता जावईबापूंचा अभ्यास पुरा झाला आणि त्यातून निष्कर्ष असा निघाला की मिरजगावात बेकार कोणी नाही. सगळी मुलं कामाला, सगळ्या सासवा प्रेमळ, व्यसन कुणाला ठाऊक नाही, आणि घरटी एक बैलजोडी. त्यांनी हे पुण्याच्या मोठ्या प्रोफेसरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की असं गाव पृथ्वीवर असेल तर मी उरलेलं आयुष्य तिथं काढायला येतो, पण प्रबंध म्हणून हे चालणार नाही. ते वाचून सूर्यभानराव ओट्यावर बसले ते जेवायला उठेनात. आमच्या मंडळींनी बासुंदी केली होती. तिच्याकडेही पाहिलं नाही, यावरून प्रकृतीचा अंदाज करावा.

त्याच दुपारी नबीलालच्या शेजारचा तो दगडाबाईचा गोरक्ष आला. हा माझ्याच हाताखालून गेलेला, गणितात बरा, अक्षर कोंबडीच्या पायाचं. पुढे लष्करात भरती होऊन लॉरी चालवायला शिकला, लढाई संपल्यावर परत आला. त्याच्या आईनं जावईबापूंना सांगितलं होतं की आमचा गोरक्ष पलटणीत मोटारींचा साहेब होता आणि आता मोठ्या जागेचा हुकूम येईल तेव्हा जाईल. गोरक्ष पायरीखाली उभा राहिला, टोपी हातात.

"मास्तर, येक सांगायचं हुतं. आई बोलली त्ये खोटं हाय. मी सायब-बियब न्हवतो, लॉरी हाकायचो. आन् आता त्येबी न्हाई. घरीच बसून असतो. आईला पानी आनून देतो, दळन दळू लागतो. पोरगी द्याया निघालाव तर हे ठावं असावं. फशिवल्यावानी व्हाया नगं."

"कुणाची पोरगी?" मी विचारलं.

"तुमची. धाकली. समद्या गावाला ठावं हाय की."

सूर्यभानराव ओट्यावरून उठले. त्यांनी आपल्या प्रश्नांचा कागद उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामा, म्हणजे माझ्या प्रबंधातली ओळन् ओळ मेव्हणीच्या लग्नासाठी रचलेली आहे." मग खाली बसून म्हणाले की उद्याच्या मोटारीनं पुण्याला जातो, प्रबंध जमत नाही असं कळवतो, आणि दुसरीकडे कुठं काही मिळतं का बघतो. मुक्ता दाराशी उभी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी इतके दिवस त्यांच्या जेवणावरून मनात खूप विनोद केले. पण त्या वेळी मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. चिखलातनं हिंडला, उन्हातनं हिंडला, कुणाला उलटून बोलला नाही. आपला मुलगा कष्टाळू आहे, आबा. हे मी व्याही म्हणून नव्हे, मास्तर म्हणून लिहितो, आणि मास्तर उगाच मार्क देत नाही.

तोड मुक्तानं काढली. ती म्हणाली, "अण्णा, चांगुणाचं ठरलं म्हणून सांगा गावात. एकदा मुलगी हातची गेली म्हटल्यावर कशाला कोण लपवील?" बोलणं बिनतोड होतं. पण आमच्या मंडळी उसळल्या. लग्नाचं खोटं बोलू नये, अपशकुन होतो, आणि उद्या खरं स्थळ आलं तर त्यांना काय सांगायचं? मी मध्ये पडलो, तर मलाच दोन्हीकडून ऐकावं लागलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चांगुणाचा आवाज आला.

"खोटं कशाला? खरंच ठरवा."

"कुणाशी?" मी ओरडलोच.

"ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्याशी."

(गोरक्ष अजून पायरीखालीच उभा होता. त्याला जा म्हणायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. तो टोपी घालून पुन्हा काढू लागला.)

मी आत गेलो. चांगुणा कणीक मळत होती. मी तिला सांगितलं की बाई, मुलगा जातीतला आहे, नात्यात बसतो, वाईट नाही. पण त्याला काम नाही. तू खाणार काय? ती कणकेवरून मान वर न करता म्हणाली, "अण्णा, काम तर त्यांतल्या कुणालाच नाही. बाकीच्यांचं मला लग्नानंतर कळलं असतं."

मी बाहेर आलो, आबा, आणि गोरक्षला म्हटलं, आधी वर ये, आणि मग आईला बोलावून आण.

गणपतीच्या दिवसांत सुपारी फोडली. दगडाबाई रडली आणि मग 'माझं पोरगं सायबच हुतं' असं पुन्हा एकदा सांगून गेली. आणि दुसऱ्या सकाळी माझ्या ओट्यावर जे झालं ते पाहायला आपण हवे होता. लंकाबाई तर तणतणतच आली. "दिली व्हय त्या रिकामटेकड्याला? त्याला काम न्हाई म्हून दिली? मंग आमच्याला कुठं हाय! छावनीतनं आल्यापासून बाजंवर पडून हाय. त्याची बायकू करायची म्हून जीव मारून खोटं बोलले, न्हाई तर काय गरज हुती मला!" तिच्या मागून दुसरी, तिसरी. आमचा किती दिवस बसून आहे, आमचा कसा चिडतो, आमची सून कशी माहेरी निघून गेली. काल जे झाकलं तेच आज चढाओढीनं सांगणं चाललं होतं, जणू माझ्याकडे अजून एखादी मुलगी शिल्लक आहे आणि ती जास्तीत जास्त बेकाराला द्यायची आहे. सूर्यभानराव लिहिता लिहिता घामाघूम झाले. मोडक्या शिंगाची जोडी मालकाकडे परत गेली.

सर्वांत शेवटी नबीलाल आला. पायरीवर टेकला. मग म्हणाला, "सायेब, आता माझं इचारा. ह्या सर्व्हिस मोटारी आल्या तवापासनं टांगा दारातच उभा हाय. आमची बायकू अख्तरी मला काय बोलत न्हाई, पर घोड्याला वैरन टाकताना मोठ्यानं सुस्कारा सोडती." सूर्यभानरावांनी ते लिहिलं आणि लेखणी बाजूला ठेवून बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिले. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की हे शास्त्र आपण समजत होतो तेवढं पोकळ नसावं.

तर प्रबंध आता जोरात आहे. पुण्याच्या मोठ्या प्रोफेसरांनी नवे कागद पाहून 'उत्तम' असं कळवलंय, आणि जागा कायम व्हायला अडचण दिसत नाही. जावईबापू दसऱ्याच्या आधी निघतील. आमच्या मंडळींना आत्तापासून चुकचुकल्यासारखं होतंय. मला गोडाची सवय लागली आहे, ती सोडायला जड जाईल. विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडी.

आपला नम्र,
कानिफनाथ मास्तर

ता. क. — पितृपक्षात शुभकार्याचं लिहू नये म्हणतात; नोकरीचं लिहायला हरकत नसावी. सूर्यभानराव सहज बोलता बोलता म्हणाले की आपण लष्कराच्या लिलावातली एक लॉरी गूळ वाहण्यासाठी घेतली आहे आणि तिला चालवणारा मिळत नाही म्हणून ती वखारीपुढे उभी आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. आमचा गोरक्ष नेमक्या तसल्याच लॉऱ्या चालवत होता. हे मी आपलं सहज लिहिलं. वरचं सगळं पत्र यासाठीच लिहिलं असं समजू नये. (समजलात तरी मी काय करणार!)

दुसरा ता. क. — वरचा मजकूर जावईबापूंनी वाचला. त्यांचं म्हणणं असं की गोरक्षला काम द्यावं, पण दिवाळीनंतर. 'सोयरीक ठरलेला बेकार' या विषयावर त्यांचं एक प्रकरण चालू आहे, आणि त्यात त्यांच्याजवळ एवढा एकच माणूस आहे. मधेच त्याला काम लागलं तर प्रकरण अर्ध्यावर राहील. त्यांचं आपण मुळीच ऐकू नये. प्रकरणाला माणूस हवा असेल तर मी गावातला दुसरा बघून देतो. माझ्याकडच्या मुली संपल्यात, पण बेकार पुष्कळ आहेत.

तिसरा ता. क. — चांगुणानं सांगितलं होतं की पत्राच्या सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट लिहा. ती माझ्या हातून इतक्या खाली आली. श्रीरामपुरात जागा नसली तरी लग्न ठरल्या दिवशी, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला व्हायचं म्हणजे व्हायचं. काम मिळालं तर बरं, नाही मिळालं तर दोघं मिळून शोधू, असं ती म्हणते. जागा ही लग्नाची अट आहे असं लिहू नका, असंही म्हणते. मी तिला होय म्हटलंय. हसून होय म्हटलंय.

पण आबा, जागा असू द्या.